एच-फोरवर जाऊन कम्युनिटी कॉलेजमधून नर्सिंग करावं का? कोणी केलंय का?

सिंहगडरोडची_मी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय इथे, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं वय २८. मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी, मग डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, आणि गेली पाच वर्षं सिंहगड रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. सकाळी साडेसहाला अ‍ॅक्टिव्हा काढायची, आनंदनगर, हिंगणे, वडगाव करत घरोघरी रक्त घ्यायचं, साडेनऊला लॅब. आजी-आजोबा लोक लॅबला फोन करून सांगतात की त्या मुलीलाच पाठवा, तिची सुई कळत नाही. तेवढीच माझी कमाई म्हणा.

डिसेंबरात लग्न झालं, नवरा डॅलसजवळ प्लेनोला असतो, आयटीत. माझा एच-फोर आलाय, म्हणजे एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या बायकोला मिळतो तो व्हिसा, ऑगस्टमध्ये निघायचं. आता घरीदारी एकच, टेस्टिंगचा क्लास कर, डेटाचा क्लास कर, दिरांनी तर डेक्कनवरच्या एका क्लासची फीसुद्धा विचारून ठेवलीये. मला नाही हो बसवत दिवसभर स्क्रीनसमोर, मला माणसं लागतात. नेटवर वाचता वाचता हे कम्युनिटी कॉलेजचं एडीएन म्हणजे असोसिएट डिग्री इन नर्सिंग सापडलं, दोन वर्षांत आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स होता येतं म्हणतात. खरंच दोन वर्षं? माझं बीएस्सी कुठे कामाला येईल का की सगळं पहिल्यापासून? आणि एडीएन केलेल्यांना पुढे बीएसएनवाल्यांपेक्षा, म्हणजे नर्सिंगची बॅचलर्स केलेल्यांपेक्षा, कमी लेखतात का?

घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, अगं नर्सच व्हायचं होतं तर इथे ससून काय लांब होतं. आवाज चढवून नाही, सहज म्हणाल्या, पण दोन दिवस डोक्यातून जाईना. नवरा म्हणतो तुला हवं ते कर, पण त्यालाही यातलं काहीच माहीत नाही.

स्पष्टवक्ता_कोथरूड

आधी व्हिसाचं बघा, मग अ‍ॅनाटॉमीचं.

एच-फोरवर शिकता येतं, त्यासाठी एफ-वन म्हणजे स्टुडंट व्हिसा करायची गरज नाही. पण कमावता येत नाही. नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे कंपनीने त्याच्या ग्रीनकार्डसाठी भरलेला अर्ज, अप्रूव्ह झालं असेल तर तुम्हाला वर्क परमिट म्हणजे ईएडीसाठी अर्ज करता येतो, २०१५ पासूनचा नियम आहे. झालं नसेल तर तीन वर्षं घासून आरएन व्हाल, लायसन्स फ्रेम करून लावाल आणि घरी पोळ्या लाटाल. आज रात्री नवऱ्याला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हाच. त्याला नीट माहीत नसलं (पोरांना स्वतःच्या केसचं काही माहीत नसतं, अनुभव आहे) तर एचआरला विचारायला सांगा.

सरकारी मदत, ते फॅफ्सा वगैरे, एच-फोरला नाही. पैसे खिशातून. कोणी सांगेल एफ-वनवर जा तर ऐकू नका, जागा मोजक्या असतात म्हणून बरेच नर्सिंग प्रोग्रॅम एफ-वनवाल्यांना घेतच नाहीत, आणि असोसिएट डिग्रीवरच्या साध्या आरएनच्या नोकरीला एच-वन मिळणं जवळपास अशक्य. नर्सेसना शेड्यूल ए म्हणून ग्रीनकार्डची एक वेगळी वाट आहे, त्यात एक टप्पा वाचतो, पण पुढे भारतीयांची रांग तीच, लक्ष्मी रोडला दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी.

सासूबाईंचं नंतर बघू.

टेक्सासची_पुणेरी

वरच्यांनी रूक्षपणे लिहिलंय पण बरोबर लिहिलंय, ईएडीचं आधी बघ. आता उरलेलं मी सांगते कारण मी हे केलंय. मी सदाशिव पेठेतली बीकॉम, अकरावीपासून सायन्सचं तोंड बघितलं नव्हतं, ३२व्या वर्षी सुरू केलं आणि आता मेडिकल-सर्जिकल वॉर्डला नाइट शिफ्ट करते. तुझ्याकडे तर मायक्रो आहे, तू माझ्या कितीतरी पुढे आहेस.

दोन वर्षं हे अर्धसत्य. दोन वर्षं म्हणजे नर्सिंगची चार सेमिस्टर, त्याआधी प्रीरेक्विझिट असतात, अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग लॅबसकट, मायक्रो, इंग्लिश कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी, कुठे कुठे स्टॅटिस्टिक्स. त्यात वर्ष जातं, म्हणजे तीन धर. तुझ्या बीएस्सीचं वेस किंवा तसल्या संस्थेकडून कोर्स-बाय-कोर्स मूल्यांकन करून घे, नुसतं डिग्रीचं नाही, विषयवार. इंग्लिश आणि बाकीचे किरकोळ विषय कदाचित सुटतील. सायन्सला मात्र बऱ्याच कॉलेजांची मुदत असते, पाच किंवा सात वर्षांपेक्षा जुनं मार्कशीट चालत नाही, त्यामुळे तुझं मायक्रो परत करावं लागू शकतं. करावं लागलं तर रडू नकोस, फुकटची ए ग्रेड आहे ती आणि प्रवेशाला ग्रेडच बघतात. पुण्यात आहेस तोवर युनिव्हर्सिटीकडून ट्रान्सक्रिप्टचं काम उरकून टाक, इथून फोनवर करायला गेलीस तर केस पिकतील.

प्रवेशाला बहुतेक ठिकाणी टीज नाहीतर हेसी नावाची परीक्षा. टीजला १७० प्रश्न, वाचन, गणित, सायन्स, इंग्लिश, आपल्या दहावी-बारावीच्या लेव्हलचं, पण इंग्लिशमध्ये स्वल्पविराम कुठे द्यायचा असले प्रश्न येतात आणि तिथेच आपण मार खातो.

फीचं म्हणशील तर कम्युनिटी कॉलेजचा सगळ्यात मोठा फायदा तोच. त्या त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहणाऱ्यांना देशभराची सरासरी वर्षाला चार हजार डॉलरच्या आसपास येते, वर पुस्तकं, स्क्रब, बूट, परीक्षा वेगळं. एच-फोरवर असलीस तरी टेक्सासात वर्षभर राहिल्याचा पुरावा दाखवला की रहिवाशांची फी लागू शकते, म्हणून पोचल्या पोचल्या लीजवर आणि बँक खात्यावर स्वतःचं नाव घाल. नुसतं नवऱ्याचं नको.

आता अभ्यासाचं. आपल्याला वाटतं पाठांतर केलं की झालं. नाही. पहिल्या टेस्टला मला ६८ पडले, मी खूश, फर्स्ट क्लास! बाईंनी बोलावून सांगितलं की इथे ७५च्या खाली नापास, आणि दोनदा नापास झालीस तर प्रोग्रॅममधून बाहेर. पार्किंगमध्ये जाऊन रडले. प्रश्नच वेगळे असतात. चार पेशंट देतात, चौघांचंही काही ना काही दुखतंय, कोणाकडे आधी जाशील ते सांग. चारही उत्तरं बरोबर वाटतात, त्यातलं जास्त बरोबर शोधायचं. तिथे एबीसी कामाला येतं. सिंहगड रोडच्या मुली, एबीसी म्हणजे अप्पा बळवंत चौक नाही हां, एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन. श्वास अडकलेला आधी, बोंबा मारणारा नंतर. जो बोंबा मारतोय त्याचा श्वास चालूये हे उघडच आहे ना.

दुसरं म्हणजे डोसेज कॅल्क्युलेशन. दर सेमिस्टरला गणिताची टेस्ट, आमच्याकडे ९० टक्के पासिंग. डॉक्टरने लिहिलंय ०.२५ मिलिग्रॅम, गोळी आहे ०.१२५ची, तर किती गोळ्या. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचं, सेटचे १५ थेंब म्हणजे एक एमएल, तर मिनिटाला किती थेंब. १००० गुणिले १५ भागिले ४८०, सव्वाएकतीस, म्हणजे ३१. गणित सोपं आहे गं, पण ०.५ च्या ऐवजी नुसतं .५ लिहिलंस तरी मार्क कापतात कारण तो बारीक ठिपका कोणाला दिसला नाही तर पेशंटला दहापट औषध जातं. पाच लिहायचं असेल तर ५.० लिहायचं नाही, तेच कारण. मला अजून किराण्याच्या यादीतसुद्धा अर्धा किलो ०.५ असं लिहायची सवय लागलीये, नवरा हसतो.

क्लिनिकलला पहाटे उठून पावणेसातला हॉस्पिटलमध्ये. पहिल्याच दिवशी मला एका ऐंशीच्या आजोबांना आंघोळ घालायची होती. आयुष्यात परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावला नव्हता. मी कपडा घट्ट धरून उभी. तेच म्हणाले, मुली, माझी ही तिसरी स्टुडंट आहे या आठवड्यात, ये, मी सांगतो कसं करायचं ते. झालं, तिथे माझी लाज गेली ती गेलीच.

एडीएन-बीएसएनचं जेवून आल्यावर लिहिते.

चहाचा_कप

अर्धा किलो ०.५ वाचून फुटलो 😂 आमच्या वाण्याला दिली तर तो पाच किलो साखर पाठवेल.

वॉर्डसिस्टर

मी इथली, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, १९ वर्षं झाली, सगळी पुण्यातच, सरकारी आणि खाजगी दोन्ही. अमेरिकेचं मला काही माहीत नाही त्यामुळे त्यावर बोलत नाही. कामाचं बोलते.

ते एकतीस थेंबांचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे पंप आयसीयूत असतो, वॉर्डात नाही, तिथे आम्ही चेंबरजवळ घड्याळ धरून पंधरा सेकंदात आठ थेंब मोजतो आणि चाक पिळतो. तेच गणित. नाइटला चाळीस पेशंटला दोन सिस्टर असताना चाळीस चाकं पिळलीयेत.

बाळा, तू रक्त घेतेस म्हणजे सुईची भीती नाही, पण रक्त घेणं आणि नर्सिंग यात फरक आहे. तू पाच मिनिटं जातेस, ट्यूब भरतेस, निघतेस. नर्स थांबते. आणि इथे आपल्याकडे प्रत्येक कॉटशेजारी एक नातेवाईक सतरंजी टाकून असतो, पाणी तो पाजतो, बेडपॅन तो नाहीतर मावशी देते, आम्ही औषधं, इंजेक्शन, सलाईन आणि रजिस्टर. तिकडे नातेवाईक राहत नाहीत असं ऐकते, म्हणजे ते सगळं तुझ्यावर. ऑगस्टला अजून वेळ आहे. ओळखीच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये विचार, मेट्रनना भेट, आठवडाभर सकाळच्या शिफ्टला नुसती उभी राहा, बेड मेकिंग बघ, स्पंज बघ, कॉट न हलवता माणसाला कुशीवर कसं वळवतात ते बघ. आठव्या दिवशी पण जावंसं वाटलं तर अमेरिकेत कर नाहीतर आफ्रिकेत, कुठेही कर.

सासूबाईंचं मनावर घेऊ नकोस. माझ्या लग्नाच्या बायोडाटात वडिलांनी 'हॉस्पिटलमध्ये नोकरी' एवढंच लिहिलं होतं, नर्स शब्द नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने पुण्यात बायकांना या कामाकडे वळवलं तेव्हाही लोकांनी नाकं मुरडलीच होती. कोविडमध्ये त्याच लोकांनी थाळ्या वाजवल्या आणि आमच्याच एका मुलीला घरमालकाने खोली सोडायला सांगितली, तेही त्याच आठवड्यात. असो. तो विषय काढला की मला बीपीची गोळी लागते.

टेक्सासची_पुणेरी

सिस्टर, ते नुसतं उभं राहून बघायचं मला कोणी सांगितलं असतं तर!

हां, तर एडीएन की बीएसएन. लायसन्सची परीक्षा दोघांना एकच, एनक्लेक्स-आरएन. कॉम्प्युटर तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न सोपा-अवघड करत जातो, कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. माझा ८५ ला बंद पडला, मला वाटलं गेलं सगळं, घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाही. पास झाले होते. पास झालं की बॅजवर आरएन एवढंच, पेशंटला कळत पण नाही तू कुठली.

हॉस्पिटलला मात्र कळतं. मोठी, मॅग्नेटवाली (चांगल्या नर्सिंगसाठी मिळणारा दर्जा आहे तो) हॉस्पिटलं बीएसएन मागतात, किंवा घेताना लिहून घेतात की इतक्या वर्षांत बीएसएन पूर्ण करीन. न्यूयॉर्कने तर २०१७ मध्ये कायदाच केला, लायसन्सनंतर दहा वर्षांत बॅचलर्स करा. टेक्सासात तसा कायदा नाही. आरएन-टू-बीएसएन ऑनलाइन होतं, नोकरी करता करता, बऱ्याचदा हॉस्पिटलच फीतला काही भाग देतं. मी तेच करतेय आत्ता.

स्पष्टवक्ता_कोथरूड

मग सरळ बीएसएनच का नाही? बाईंकडे बॅचलर्स आहे आधीच. अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन असतं, दुसऱ्या डिग्रीवाल्यांसाठी, वर्ष-दीड वर्षाचं. दोनदा शिकायची हौस कशाला. दोन वर्षांचा शॉर्टकट तो शॉर्टकटच.

टेक्सासची_पुणेरी

अ‍ॅक्सिलरेटेड आहे, मान्य, आणि बीएस्सीवालीने तो पर्याय जरूर बघावा. पण त्याच्या फीचा आकडा बघा एकदा, एच-फोरवर कर्ज कोण देतंय. शिवाय तो कोर्स म्हणजे बारा-पंधरा महिने श्वास घ्यायला वेळ नाही, नवीन देश, नवीन लग्न, गाडी चालवायला पण अजून शिकायचंय. मला नाही झेपलं असतं.

आणि शॉर्टकट म्हणू नका प्लीज, यावर माझी तार सटकते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे नर्सेस कमी पडायला लागल्या, तोवर बहुतेक शिक्षण हॉस्पिटलच्याच शाळेत, तीन वर्षं, पोरींना फुकट राबवून. मिल्ड्रेड माँटॅग म्हणून एक बाई होत्या, कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात, त्यांनी १९५१ साली डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडलं की हे शिक्षण कॉलेजात दोन वर्षांत देता येईल, ५२ मध्ये काही कॉलेजांत प्रयोग सुरू झाला. त्यांच्या डोक्यात खरंतर आरएनच्या हाताखालची टेक्निशियन होती. पण त्या मुली आरएनच्याच परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या! तेव्हापासून हा एडीएन-बीएसएन वाद चालूये, १९६५ ला अमेरिकन नर्सेस असोसिएशनने जाहीर केलं की प्रोफेशनल नर्सला बॅचलर्सच पाहिजे, आणि तरी आजही कम्युनिटी कॉलेजं भरलेली आहेत. माझ्या वर्गात एक ५१ वर्षांची बाई होती, तीन नातवंडांची आजी, आणि एक पोरगा दिवसा पिझ्झा पोचवायचा. चार वर्षांची युनिव्हर्सिटी त्यांना कोण देणार होतं?

स्पष्टवक्ता_कोथरूड

बरं, शॉर्टकट मागे घेतो. फीचा मुद्दा बरोबर आहे. प्रोग्रॅम एसीईएनकडून, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सेसना मान्यता देणाऱ्या संस्थेकडून, अ‍ॅक्रेडिटेड आहे का आणि एनक्लेक्सचा निकाल किती टक्के, एवढं तरी बघा, टेक्सासचं नर्सिंग बोर्ड कॉलेजवार निकाल जाहीर करतं. दोन-चार वर्षांपूर्वी फ्लोरिडातल्या काही कॉलेजांनी नर्सिंगच्या खोट्या डिग्र्या विकल्या होत्या, एफबीआयने २०२३ च्या जानेवारीत पकडलं. भपकेबाज जाहिरातवाल्या खाजगी कॉलेजांपासून लांब.

सिंहगडरोडची_मी

बाप रे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना खूप खूप थँक्यू.

नवऱ्याला विचारलं. आय-१४० मार्चमध्ये अप्रूव्ह झालंय, त्याला ईमेल आला होता आणि त्याने वाचलाच नव्हता 🙄 स्पष्टवक्ते काका (काकाच ना?) तुमचं बरोबर निघालं.

वॉर्डसिस्टर ताई, मी खरंच गेले. लॅबचे डॉक्टर ज्यांच्याकडे सँपलसाठी पाठवतात त्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये विचारलं, मेट्रन आधी संशयाने बघत होत्या, मग म्हणाल्या ये, पण मोबाईल लॉकरमध्ये. आज चौथा दिवस. काल एका काकूंना हिप ऑपरेशननंतर कुशीवर वळवायचं होतं, दोघी सिस्टर आणि मी चादर धरून, एक दोन तीन म्हणून ओढायचं, आणि मी तीनच्या ऐवजी दोनला ओढलं. काकू कळवळल्या. मेट्रन काही बोलल्या नाहीत, नंतर फक्त एवढंच म्हणाल्या, मोजणारी एकच असते, बाकीच्यांनी ऐकायचं. रात्री झोप नाही लागली मला. पण आज सकाळी काकू स्वतः म्हणाल्या ती कालची मुलगी आली का.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, त्यांना वाटतंय मी लॅबला लवकर जातेय.

एकच विचारायचं राहिलं, इथून निघायच्या आधी अजून काही करून ठेवू का? लसी वगैरे?

टेक्सासची_पुणेरी

लसी! बरं विचारलंस. हेपॅटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत विभागलेले असतात, लॅबमध्ये असल्यामुळे झाले असतील, तर तो कागद शोध. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांची अँटिबॉडी टेस्ट मागतात, लहानपणी झालं होतं हे आईचं म्हणणं चालत नाही. आणि टीबी. तिकडे हातावर टोचून बघायची टेस्ट करतात, आपल्याला बीसीजी दिलेलं असतं त्यामुळे ती आपल्याला पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि नसता ताप. तू पहिल्यांदाच सांग की रक्तावरची टेस्ट करा, क्वांटिफेरॉन. ती बीसीजीने फसत नाही.

दंडावरचा व्रण दाखवून समजावत बसू नकोस. मी समजावलं होतं, नर्सबाईंना वाटलं लहानपणी भाजलंय.

वॉर्डसिस्टर

दोनला ओढलंस ते सगळ्यांचंच होतं. सासूबाईंना सांगून टाक पण, सकाळी साडेपाचला उठून तू लॅबला जात नाहीस हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं असणार.